सिरिल स्नीथने भरलेली काडतुसं

मी खाटीक आहे. होल्मफ्लीट गावात चर्चसमोर अडतीस वर्षं माझं दुकान आहे. आतडी, कोथळे, डुकरांची मुंडकी, सगळं या हातांनी साफ केलं आणि दुपारी तेच हात धुऊन मजेत जेवलो. मला कशाचीच किळस येत नाही, असं मी लोकांना छाती फुगवून सांगायचो. आता सांगत नाही. आमच्या शिकारी क्लबचा नुसता विषय निघाला तरी मला माझीच किळस येते.

लिहायचं आहे सिरिल स्नीथबद्दल. पण त्याच्याबद्दल लिहायचं तर बाकीच्यांची घाण उपसावी लागते, आणि त्या बाकीच्यांत मी आहे.

सिरिलने बत्तीस वर्षं पंपघर सांभाळलं. आमची शेतं समुद्राच्या पातळीच्या खाली. पंप थांबला की बटाटे पाण्यात. त्याच्या काळात पंप एकदाही थांबला नाही. चहात साखर घालताना चमचा बोटाने सपाट करणारा हा माणूस. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. त्याची बायको डोरीन म्हणायची, "यानं मला लग्नाचं विचारलं तेव्हा आधी दहा मिनिटं वाऱ्याची दिशा सांगितली. मी म्हटलं, आता हा मला मागणी घालतोय की भरती किती वाजता ते सांगतोय?"

त्याच्याकडे आजोबांची दुनळी बंदूक होती. सव्वाशे वर्षांची, बाहेर घोडे असलेली, नळ्यांवर लाकडाच्या रेघांसारखी नक्षी. आमच्या चाळीस जणांच्या क्लबात अशा म्हाताऱ्या बंदुका अकरा. बापाकडून, आज्याकडून आलेल्या. पहाटे बांधापलीकडच्या खाजणात चिखलात बसायचं, भरतीबरोबर बदकं आत येतात तेव्हा दोन बार काढायचे, दोन बदकं मिळाली तर घरी जायचं. पिढ्यान्‌पिढ्या हेच.

मग कायदा आला. पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे बंद. कारणही खरंच होतं. चिखलात पडलेले छर्रे बदकं आणि राजहंस खडे समजून गिळतात. दाणे भरडायला त्यांना पोटात खडे लागतात, आणि शिसं तिथे झिजत झिजत रक्तात उतरतं. त्याऐवजी पोलादी छर्रे वापरा, असं सांगण्यात आलं. नव्या बंदुकांना ते चालतात. आमच्या जुन्या नळ्या पातळ आणि मऊ. पोलाद त्यांतून गेलं की ओरखडे पडतात, तोंडाशी फुगवटा येतो, आणि आज्याची बंदूक खुंटीवरच्या शोभेची होते. राहिलं बिस्मथ. शिशासारखंच मऊ, विषारी नाही, पण महाग. आणि दुकानातली तयार काडतुसं आमच्या बंदुकांना लांब आणि जोरकस.

म्हणून सिरिल काडतुसं भरायचा. परसातल्या त्याच्या शेडमध्ये एक लांब बाक होता. त्यावर ठिणगी पाडणाऱ्या टोप्या बसवायचं यंत्र, दारू तोलायचा पितळी काटा, नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या आणि बिस्मथचा डबा. काडतुसं कागदीच, कारण खाजणात प्लास्टिक सांडलेलं त्याला खपत नसे. तळाला टोपी, वर दारू, दारूवर पुठ्ठा, मग नमदा, मग छर्रे, शेवटी पातळ पुठ्ठ्याची चकती, आणि छोट्या यंत्राने कागदाची कड आत वळवून बंद. त्या शेवटच्या चकतीवर जांभळ्या शाईने त्याचं अक्षर: बिस्मथ, नंबर पाच, म्हणजे छर्ऱ्यांचं माप. आकडा असा रेखीव, की बँकेत चालला असता. सामानाची किंमत आम्ही वाटून द्यायचो, मेहनतीचं तो काही घ्यायचा नाही. "मेहनत कसली? मला तिथे शांतता मिळते," असं म्हणायचा.

क्लबात दोन रिवाज होते. एक पक्कडीचा. सप्टेंबरपासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बांधाच्या फाटकाशी प्रत्येकाच्या खिशातलं एक काडतूस फोडायचं आणि तीन छर्रे पक्कडीत दाबायचे. शिसं चपटं होतं, बिस्मथचा भुगा होतो, पोलाद दबतच नाही. लहान पोरालाही कळेल. हे काम सिरिलकडे. पण ज्या काडतुसावर सिरिलचंच अक्षर, ते तो न फोडता पुढे सरकवायचा. कुणीतरी ओरडायचं, "सिरिल, तुझी पण फोड की!" आणि सगळे हसायचे. सिरिलची काय फोडायची?

दुसरा रिवाज ओल्या काडतुसांचा. कागद भिजला की फुगतो, नळीत जात नाही. ती फेकायची नाहीत. बिस्मथ महाग, आणि खाजणात काही टाकायचं नाही हा धर्मच. मोहरीच्या जुन्या डब्यात गोळा करून सिरिलकडे द्यायची. तो ती चाकूने कापायचा, छर्रे वाळवायचा आणि पुन्हा मोठ्या डब्यात ओतायचा. त्याच्या दृष्टीने यात वावगं काय होतं? बाहेर गेलं होतं बिस्मथ, घरी आलं बिस्मथ.

आता ऑब्री वेल्बर्न. क्लबाचे अध्यक्ष, चारशे एकर कोबी आणि बटाटे, लंडनच्या जुन्या कारागिरांची दुनळी, आणि स्वतःच्या आवाजावर प्रेम. दर वार्षिक जेवणात हे गृहस्थ 'या किनाऱ्याचे आपण राखणदार' असं भाषण ठोकायचे, तेही माझ्याच दुकानातल्या कबाबवर ताव मारून झाल्यावर. ऑक्टोबरात एका सकाळी ते मागच्या दाराने दुकानात आले. मी कोकराचे फरे कापत होतो.

"लेन, मागच्या आठवड्यात तुझी किती बदकं जखमी होऊन निसटली?"

"चार असतील, मिस्टर वेल्बर्न."

"निसटणारच. बिस्मथ म्हणजे भाजलेले चणे मारायचे. हे घे." त्यांनी खिशातून पाच काडतुसं काढून माझ्या लाकडी ठोकळ्यावर ठेवली. वर सिरिलचं अक्षर.

"ही तर सिरिलची."

"वेष सिरिलचा, आत्मा जुना," ते म्हणाले आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन हसले. वरची चकती ते अलगद उचकटायचे, बिस्मथ ओतून टाकायचे, शिसं भरायचे आणि कड परत वळवायचे. शिसं जड, तेवढ्याच वजनाला जागा उरते, म्हणून खाली एक जादा पुठ्ठा. हे सगळं त्यांनी मला एखादी पाककृती सांगावी तसं सांगितलं. "फाटकावर कोण फोडणार? म्हातारा स्वतःचं अक्षर बघून मान डोलावतो."

मी काय केलं? हसलो. आणि पाचही काडतुसं ॲप्रनच्या खिशात टाकली. हे लिहितानाही मला माझ्या तोंडावर थुंकावंसं वाटतं.

तीन उडवली. दोन बदकं स्वच्छ पडली, खोटं कशाला सांगू. नोव्हेंबरातल्या एका भरतीत पाणी बुटांवरून आत आलं, खिसा भिजला आणि उरलेली दोन फुगली. मी ती मोहरीच्या डब्यात टाकली. विचार केला नाही, असं म्हणणं सोयीचं आहे. केला होता. टाकली नाहीत तर कुणी विचारेल, खाजणात फेकली तर कुणाला सापडतील. डबा सगळ्यांत सोपा वाटला. वेल्बर्न तर सबंध हंगाम तेच करत होते.

जानेवारीत राजहंस मरू लागले. उत्तरेकडून हजार मैल उडून येणारे ते पांढरे पक्षी आमच्या खाजणात हिवाळा काढतात. पहिला मिस टॉयनना सापडला. खाजण ज्या संस्थेचं आहे, तिच्या त्या राखणदार. मग आणखी दोन. मग सात. सिरिलने एक पोत्यात घालून माझ्याकडे आणला. दुपार होती, दुकान बंद.

"फाड, लेन," तो म्हणाला. "माझ्याच्यानं नाही होत."

पक्ष्याची मान फडक्यासारखी लोंबत होती. छातीचं हाड वर आलेलं. खायला पोटभर असून उपाशी मेलेला. शेपटीखाली हिरवी घाण वाळून पिसांना चिकटली होती आणि तिचा वास असा, की मी मागचं दार उघडलं. अडतीस वर्षांत प्रथमच. पोटातली दाणे भरडायची पिशवी कापली. आत हिरवा लगदा, थोडे खडे, आणि चौदा छर्रे. सिरिलने ते नळाखाली धुतले, खिशातून पक्कड काढली आणि एकेक दाबला.

नऊ चपटे झाले. पाचांचा भुगा.

"नवीन आहेत," तो म्हणाला. "झिजलेसुद्धा नाहीत नीट. नंबर पाच." माझ्याकडे बघून विचारलं, "नंबर पाच आपणच वापरतो ना रे?"

"बाहेरचा कुणी चोरून येत असेल," मी म्हटलं. माझा आवाज अगदी सहज निघाला. कसाबाचा सुरा धारदार असतो म्हणतात, जीभ त्याहून.

मिस टॉयननी दोनच वाक्यांत निकाल सांगितला. क्लबाने घेतलेल्या खाजणाचा भाडेपट्टा फेब्रुवारीअखेर संपतोय. शिसं कुणी टाकलं त्याचं नाव क्लबाने लेखी द्यावं आणि त्याला काढावं. नाहीतर खाजण चाळीसही जणांना कायमचं बंद.

सिरिलने पक्कड घेतली आणि घरोघर फिरला. एकेकाच्या दारात उभा राहून म्हणायचा, "तुमच्याकडची जरा बघू?" अकराही जुन्या बंदुकांची काडतुसं त्याच्याच हातची निघाली. आता मात्र त्याने तीही फोडली, आणि काहींत शिसं निघालं. शेवटी एका सकाळी डोरीनचा फोन आला. "लेन, जरा ये. तो शेडमधून बाहेर येत नाहीये."

मी गेलो. सिरिल बाकाशी बसला होता. बिस्मथचा मोठा डबा त्याने पांढऱ्या चादरीवर ओतला होता. करडे, सारखे छर्रे, हजारो. नुसतं बघून बिस्मथ कोणतं आणि शिसं कोणतं हे देवालाही सांगता आलं नसतं. पक्कडीखाली भुगा आणि चपट्या टिकल्या यांचे दोन ढीग झाले होते.

"दहात दोन-तीन," तो म्हणाला. "म्हणजे या हंगामात अकराही जुन्या बंदुकांनी शिसं उडवलं. माझ्या हातानं भरलेलं."

"तू कुठे शिसं आणलंस? तुझा काय दोष?"

"ओल्या काडतुसांतून आलं. कापताना कधीकधी पुठ्ठा एक जास्त दिसायचा." तो टिकल्यांचा ढीग बोटाने सारखा करू लागला. "मला वाटायचं, भरताना मीच चुकून दोन घातले. म्हटलं, वय झालं. वरती माझंच अक्षर होतं ना. माझ्या अक्षराखालचं मी काय तपासायचं?"

डोरीन दारात उभी होती. ती म्हणाली, "कुण्या हरामखोरानं केलं ते तू शोधून काढशील. खाटकाचं नाक आहे तुझं, लेन." मी मान हलवली. हो म्हणालो की नाही, मलाच कळलं नाही. तिने माझ्यासाठी चहा आणि आल्याचा केक आणला. मी तो केक खाल्ला. दोन तुकडे.

सिरिल मूर्ख नव्हता. जादा पुठ्ठ्याचं काम हाताशी कड वळवायचं यंत्र असलेल्याचंच, आणि तसं यंत्र क्लबात दोघांकडे, एक त्याच्याकडे, दुसरं वेल्बर्नांकडे. तो वेल्बर्नांच्या घरी गेला. तिथे काय बोलणं झालं ते नंतर त्यानेच मला तुटक तुटक सांगितलं. वेल्बर्न नाकारत बसले नाहीत. ते म्हणाले, "सिरिल, हे तुझ्यामाझ्यात मिटवू. व्यापाऱ्यानं भेसळीची पिशवी दिली म्हणून सांगून टाक. त्याला कोण विचारायला जातंय?" सिरिल म्हणाला, "त्यानं भेसळ केलेली नाही." वेल्बर्न म्हणाले, "मग खुशाल माझं नाव घे. तुझ्या शब्दाला माझा शब्द. तुझं अक्षर असलेली काडतुसं, तुझा डबा, तुझी पक्कड. लोक कुणाचं खरं धरतील ते बघू."

नाव ठरवायची क्लबाची सभा रविवारी दुपारी बाराला होती. शनिवारी दुकान बंद करायच्या वेळी सिरिल आला. मागच्या दाराने नाही, पुढच्या. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"लेन, ऑब्री म्हणाला, त्यानं तुला पाच दिली होती."

मी फरशी धूत होतो. पाण्याची नळी तशीच वाहत राहिली.

"हो."

मला वाटलं, आता शिव्या देईल. घ्याव्या लागल्या असत्या, आणि बरं वाटलं असतं. पण त्याने फक्त विचारलं, "त्यातली ओली किती परत आली?"

"दोन."

"दोन," तो म्हणाला. "म्हणजे चारशेच्या आसपास छर्रे." तो त्याच्या नेहमीच्या पद्धतीने, चमचा सपाट करावा तसा, हिशेब नीट करून ठेवत होता. "मला डब्यात एकूण किती गेले असतील ते कळायला हवं होतं. मिस टॉयनना खरा आकडा द्यायचाय."

"सिरिल, तू उद्या काय सांगणार आहेस?"

"जे मी केलं ते. दुसऱ्यानं काय केलं ते दुसऱ्यानं सांगावं." दारापर्यंत जाऊन तो वळला. "नळी बंद कर. पाणी जातंय."

त्याला काय हवं होतं ते मला स्वच्छ कळलं होतं. शब्दाला शब्द होता, तिथे दुसरा शब्द फक्त मीच घालू शकत होतो. तो मागायला आला नव्हता. पण एका माणसाने तोंड उघडलं असतं तर सिरिलला त्याचं खाजण राहिलं असतं, आणि खाजण सोडलं तर त्या माणसाचं दुसरं होतं काय? एक बायको, एक शेड आणि आज्याची बंदूक. रात्रभर मी स्वतःला सांगत राहिलो, सभेत बोलेन. मग मनात यायचं, लोक म्हणतील, आणि तू, लेन? तू पण? सासऱ्याच्या काळापासून माझ्याकडे येणारी एखादी बाई मटण दुसरीकडून आणेल. एवढंच. एवढ्याशासाठी.

गावच्या सभागृहात चाळीसपैकी सदतीस जण आले. मिस टॉयन मागे खुर्ची घेऊन बसल्या. सिरिल कोट-टाय घालून उभा राहिला. कागद हातात नव्हता.

"यंदा क्लबातल्या जुन्या बंदुकांत जी काडतुसं वापरली गेली त्यांत शिसं होतं," तो म्हणाला. "ती मी भरली. ओल्या काडतुसांतले छर्रे मी न तपासता परत वापरले. प्रत्येक चकतीवर बिस्मथ असं मी लिहिलं, आणि ते खोटं होतं. राजहंस त्याच्यामुळे मेले. नाव लिहायचं असेल तर माझं लिहा."

"पण ओल्यात शिसं आलं कुठून?" मागून कुणीतरी विचारलं.

सिरिल गप्प राहिला. कुणाकडेही बघितलं नाही, वेल्बर्नांकडे नाही, माझ्याकडे नाही. समोरच्या खिडकीकडे बघत उभा राहिला. ती शांतता त्याने आमच्यासाठी मोकळी ठेवली होती. मी स्वतःला म्हटलं, वेल्बर्न बोलतील. त्यांनाही लाज असेल.

वेल्बर्न बोलले. घसा साफ करून, आवाजात दुःख आणून. "मित्रहो, ओल्यात कुठून आलं हे आता कोण सांगणार? महत्त्वाचं हे, की सिरिलनं मर्दासारखं कबूल केलं. त्याच्या इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल क्लब कृतज्ञ आहे. पण या किनाऱ्याचे आपण राखणदार. हृदयावर दगड ठेवून मी ठराव मांडतो, की सिरिल स्नीथ यांचं सदस्यत्व आजपासून रद्द व्हावं."

सगळे खाली बघत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. आमच्याकडे चोरच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसला होता आणि चेहऱ्यावर सुतक. तोंडात आंबट पाणी आलं, मी ते गिळलं.

"बाजूनं असणाऱ्यांनी हात वर करावेत."

हात वर येऊ लागले. आधी पुढचे, मग मधले. वेल्बर्न बोटाने मोजत माझ्या रांगेपर्यंत आले आणि माझ्यापाशी एक क्षण थांबले. मी हात वर केला. पुढच्या माणसाच्या डोक्याआड तो लपला असता, मोजताना सुटला असता. म्हणून मी तो आणखी थोडा उंच धरला.